वाचकांचे प्रश्न : मों-ब्लांच्या पायथ्याशी हवा का कोंदते?

प्रश्न : मुलाला जिनिव्हात नोकरी लागली आहे. फ्रान्सच्या हद्दीतलं पासी हे गाव त्याला राहायला आवडलं. पण तिथली हवा हिवाळ्यात खराब असते, असं त्याला सांगण्यात आलं. आल्प्समधलं मों-ब्लां शिखर डोळ्यांसमोर, आजूबाजूला जंगल. मग हवा खराब कशी? (पुणे)

उत्तर : त्याला दिलेली माहिती बरोबर आहे. पासी हे ओत-साव्वा जिल्ह्यातलं साधारण अकरा हजार वस्तीचं कम्यून आहे. कम्यून म्हणजे फ्रान्समधला सर्वांत लहान स्थानिक प्रशासकीय घटक. गावाचा खालचा भाग आर्व नदीच्या अरुंद खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे ते सहाशे मीटरवर आहे. चहूबाजूंना दोन हजार मीटरहून उंच डोंगर आहेत.

एरवी उंची वाढली की हवा थंड होत जाते, दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश. हिवाळ्याच्या निरभ्र, शांत रात्री मात्र जमीन झपाट्याने निवते आणि उतारांवरची थंड, जड हवा घरंगळत तळाशी साचते. तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. शाळेच्या भूगोलात आपण वाचलेली तापमानाची विपरीतता ती हीच. पातेल्यावर झाकण ठेवावं तशी ही हवा अडते आणि धूर वर जाऊ शकत नाही.

पुण्यातही हिवाळी सकाळी नदीपात्रावर धुराचा थर दिसतो. पण आपलं ऊन प्रखर असल्याने दहा-अकरापर्यंत तो बहुधा विरतो. पासीत डिसेंबर-जानेवारीत सूर्य खाली असतो, डोंगर त्याला आणखी अडवतात आणि बर्फ मिळालेलं ऊनही परतवून लावतो. त्यामुळे थंड हवेचं डबकं कित्येक दिवस तसंच राहतं. २०१५ च्या हिवाळ्यात शास्त्रज्ञांनी याच डबक्याचा अभ्यास करायला पासीत मोजमापाची मोहीम राबवली होती.

प्रश्न : धूर मुख्यतः बोगद्याकडे जाणाऱ्या ट्रकांचा असतो का? (त्याच वाचकाचा)

उत्तर : फ्रान्स आणि इटलीला जोडणारा मों-ब्लांचा बोगदा १९६५ मध्ये खुला झाला. तिकडे जाणारी अवजड वाहतूक नायट्रोजन डायऑक्साइडची मोठी भर घालते. पण हिवाळ्यातल्या सूक्ष्म कणांचा सर्वांत मोठा वाटा घरात जळणाऱ्या लाकडाचा आहे. म्हणूनच २०१३ पासून या खोऱ्यात जुन्या शेगड्या बदलायला सरकारी अनुदान मिळू लागलं.

मुलाच्या घरात लाकडाची शेगडी असेल तर तीन गोष्टी सांभाळाव्यात. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. ओंडका ताजा फोडून आतल्या बाजूवर ओलावामापक टोचावा. बाहेरची साल कोरडी दिसली तरी आतलं लाकूड ओलं असू शकतं. चिरलेलं लाकूड वरून झाकून, बाजूंनी मोकळं ठेवून दीड-दोन वर्षं वाळवावं लागतं. आग वरून पेटवावी : जाड लाकडं तळाशी, त्यांवर बारीक काटक्या, अगदी वर पेटवण. म्हणजे खालून निघणारा वायू ज्वाळेतून जाताना जळतो. तिसरी गोष्ट, रात्रभर विस्तव टिकावा म्हणून हवेची झडप बंद करायची सवय अजिबात नको. प्राणवायू कमी पडला की लाकूड धुमसतं, सर्वांत दाट धूर तेव्हाच निघतो आणि धुराड्यात काजळी साचून आगीचा धोकाही वाढतो.

प्रश्न : मग घर कुठे घ्यावं? (तोच वाचक)

उत्तर : शक्य असेल तर वर. याच कम्यूनमध्ये हजार मीटरच्या आसपास प्लातो दासी आहे. १९२० आणि १९३० च्या दशकांत तिथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामं उभी राहिली, ती ऊन आणि स्वच्छ हवेसाठीच. वर ऊन पडलेलं असताना खाली धुरकट थर, असं चित्र हिवाळ्यात दिसतं.

तपासायला दोन्ही ठिकाणचं तापमान पाहावं. साडेचारशे मीटरच्या फरकाने वरचं ठिकाण सुमारे तीन अंशांनी थंड असायला हवं. ते उलट अधिक उबदार असेल तर झाकण बसलेलं आहे. अशा दिवशी तळातल्या घराच्या खिडक्या दुपारी थोडा वेळच उघडाव्यात. संध्याकाळी शेगड्या पेटतात तेव्हा बंद ठेवाव्यात. धावायचं तर वर जाऊन.

उन्हाळ्यात मात्र गणित बदलतं. उतार तापतात, दिवसा खोऱ्यातून वर वारा वाहतो आणि कण पांगतात. त्या काळात त्रास ओझोनचा, आणि तो उंचावर जास्त टिकू शकतो, कारण त्याला खाऊन टाकणारा वाहनांचा नायट्रिक ऑक्साइड तिथे कमी असतो. दमा असेल तर कडक उन्हाच्या दुपारी वरही श्रम टाळावेत.

प्रश्न : घरी स्वस्त सेन्सर लावला तर चालेल का? (नाशिक)

उत्तर : चालेल, पण धुक्यात त्याच्या आकड्यावर विसंबू नये. तो प्रकाशाच्या विखुरण्यावरून कण मोजतो. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा खऱ्यापेक्षा मोठा येतो. सेन्सर सावलीत, पावसापासून आडोशाला आणि स्वयंपाकघराच्या पंख्यापासून व धुराड्यापासून लांब बसवावा. एका आकड्याऐवजी दिवसाची सरासरी पाहावी. फ्रान्समध्ये दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी दैनिक सरासरी घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम ओलांडली की माहिती देतात आणि ८० ओलांडली की इशारा.