गेमिंग पीसी तयार घ्यावा की पार्ट आणून घरी जोडावा? लातूर, बजेट ८० हजार

तू लिहिलंयस की बारावी झाली, वडील ८० हजार देतायत, पण मामा म्हणतात कंपनीचाच तयार घे, असेंबल केलेलं टिकत नाही. हे शेवटचं वाक्य नसतं तर मी उत्तर लिहायला बसलोच नसतो. हेच वाक्य मी २०१६ पासून ऐकतोय. तुझ्याकडे मामा आहेत, माझ्याकडे दाजी.

उत्तर आधीच देऊन टाकतो. जोड.

आता माझं ऐक. २०१६ च्या मार्चमध्ये ३६ हजार खिशात घालून मी रात्रीच्या बसनं हैदराबादला गेलतो. लातूरकराला कम्प्युटरसाठी पुण्यापेक्षा तेच बरं वाटायचं. उदगीर, बिदर, जहीराबाद करत पहाटे उतरायचं, इराणी चहात उस्मानिया बिस्कीट बुडवायचं आणि सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधली दुकानं उघडायची वाट बघत पायऱ्यांवर बसायचं. आय-थ्री ६१०० प्रोसेसर, एच ११० बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड, ज्यावर बाकीचे पार्ट बसतात), ८ जीबी रॅम, जीटीएक्स ७५० टीआय ग्राफिक कार्ड. येताना बोर्डाचं खोकं मांडीवर होतं. शेजारच्या काकांनी विचारलं, मिठाई का? मी हो म्हणालो.

जोडणी घरी केली. बोर्ड आईच्या पोळपाटावर ठेवला आणि प्रोसेसरवरचा तो इवलासा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेला जुळवला. दाबायचं नसतं, तो आपसूक बसतो. सगळ्यात जास्त वेळ गेला तो पॉवर बटणाच्या दोन बारक्या वायरी कुठल्या पिनांवर घालायच्या ते शोधण्यात. पहिल्याच झटक्यात चालू झाला. अख्ख्या घराला बोलावून मी नुसता बायोसचा, म्हणजे विंडोज टाकायच्या आधी दिसणारा सेटिंगचा, पडदा दाखवला.

तिसऱ्या दिवशी आईनं नुकतीच फरशी पुसली होती. मी अनवाणी होतो. पेन ड्राइव्ह लावायला मागं हात घातला अन् बोटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. टेस्टर टेकवला तर कॅबिनेटच्या स्क्रूवर दिवा! नेमके त्याच दिवशी ताई-दाजी आलेले. दाजी खुर्चीतूनच म्हणाले, "असेंबल म्हणल्यावर शॉक मारणारच की."

खरी गोष्ट अशी, की कम्प्युटरच्या सप्लायमध्ये, म्हणजे घरची वीज पार्टांना लागेल तशी करून देणाऱ्या डब्यात, विजेतला खरखराट गाळायला बारके कपॅसिटर असतात. ते किंचित वीज कॅबिनेटच्या पत्र्यावर सोडतात. ती प्लगच्या तिसऱ्या, अर्थिंगच्या पिनेतून जमिनीत जावी अशीच रचना असते. ती पिन मेलेली असली की पत्रा जिवंत होतो आणि वीज तुझ्या बोटातून वाट काढते. कंपनीचा असो की माझा, झिणझिण्या सारख्याच यायच्या.

आमच्याकडे अर्थिंग होतं. तुळशीच्या मागं, घर बांधताना मीठ-कोळसा घालून पुरलेलं. वायरमननं बघितलं आणि म्हणाला, "अर्थिंग हाय की, पण कोरडंठाक पडलंय. रोज दोन बादल्या पाणी सोडत जा."

रोज दोन बादल्या. लातुरात. २०१६ च्या एप्रिलमध्ये! तू तेव्हा लहान असशील, म्हणून सांगतो. पाण्याच्या टाक्यांपाशी १४४ कलम लागलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, ५ लाख लिटर घेऊन. टँकर आला की पाठ्यपुस्तक टाकून हंडे घेऊन पळायचो आम्ही. आईला म्हणालो, अर्थिंगला पाणी पाहिजे. ती माझ्याकडे बघतच राहिली. "माणसाला पाणी नाही, अन् तू कम्प्युटरला पाजायलास?"

शेवटी तोडगा तिनंच काढला. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी फरशीला अन् फरशीचं पाणी अर्थिंगला. पाचेक दिवसांत टेस्टर विझला. आमच्या तुळशीला नव्हतं तेवढं पाणी माझ्या गेमला मिळालं, असं ती अजून पाहुण्यांना सांगते.

मग मे आला. दुपारची वेळ, मी गेममध्ये. एकदम ट्यूबलाइट पांढरीफटक झाली, पंखा हेलिकॉप्टरसारखा घुमायला लागला. दोन सेकंद. फट्ट आवाज झाला आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास. गल्लीच्या डीपीवर न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची वायर, सुटला होता. न्यूट्रल सुटला की २३० च्या जागी घरात साडेतीनशे-चारशे व्होल्टसुद्धा येऊ शकतात, आणि अर्थिंग कितीही ओलं असलं तरी ते थांबत नाही. गल्लीत तीन टीव्ही गेले, आमचा सेट टॉप बॉक्स गेला. माझा सप्लाय जळाला आणि जाताना बोर्ड अन् हार्ड डिस्क घेऊन गेला. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड वाचलं.

शेजाऱ्यांच्या टीव्हीला कोणी असेंबल म्हणालं नाही. पण दाजींनी त्या दिवसापासून शॉक आणि जळणं या दोन्ही गोष्टींची एकच पुडी बांधली. लग्न असो, बारसं असो, दहावा असो, "काय इंजिनियर, आमचा कंपनीचा पीसी अजून चालू हाय बरं का." त्यांचा पीसी त्यांच्या दुकानात. दुकान औशात. औसा लातूरपासून वीसेक किलोमीटर. आमच्या डीपीचा न्यूट्रल तिथवर कसा पोचणार होता, हे मी त्यांना आजतागायत समजावू शकलेलो नाही.

पुढे २०२१ मध्ये त्यांनी माझ्या भाच्यासाठी कंपनीचा तयार गेमिंग पीसी घेतला, आरटीएक्स ३०६० कार्डवाला. कंपनीचं नाव सांगत नाही. तीन वर्षांची वॉरंटी संपली आणि थोड्याच दिवसांत सप्लाय गेला. मी ऐटीत नवा सप्लाय घेऊन औशाला गेलो, झाकण उघडलं आणि बघतच राहिलो. नेहमीच्या बोर्डावर २४ पिनांचा जाडजूड सॉकेट असतो. इथं कंपनीची स्वतःचीच बारकी पिनांची ओळ! बाजारातला सप्लाय लागतच नव्हता. कॅबिनेटमधली जागाही वेगळ्याच मापाची. मग प्रोसेसर, कार्ड, रॅम, एसएसडी काढून घेतले आणि त्यांना बसेल असा बोर्ड, कॅबिनेट, सप्लाय मिळून १५ हजार घातले. सोबत आलेलं विंडोज जुन्या बोर्डाला बांधलेलं होतं, तेही गेलं. म्हणजे दाजींच्या घरात आज जो पीसी चालू आहे तो मी असेंबल केलेला आहे. पण पाहुण्यांना ते अजून "कंपनीचा" म्हणूनच सांगतात.

तर तुझं. वडिलांना आधी एवढं सांग की जोडलेल्या पीसीत प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी असते, बिलं जपून ठेवली की झालं. ८० हजार मॉनिटर धरून असतील तर कार्डावर जास्त खर्च कर, प्रोसेसर मधल्या दर्जाचा चालतो. तयार पीसीच्या जाहिरातीत प्रोसेसर आणि कार्ड मोठ्या अक्षरात असतं, पण सप्लायचं नाव, बोर्डाचं मॉडेल, रॅमच्या काड्या एक की दोन, हे शोधून सापडत नाही. १६ जीबीची एकच काडी घातलेली असते, ८-८ च्या दोन असत्या तर गेम जास्त पळाला असता. कार्डाचंही तेच. "आरटीएक्स ३०५०" एवढंच लिहिलं असेल तर विचार, ६ जीबी की ८ जीबी? ६ जीबीवाल्यात कोर, म्हणजे चित्र काढायचं काम वाटून घेणारे बारके भाग, तेसुद्धा कमी आहेत, २५६० च्या जागी २३०४. नाव तेच ठेवून वेगळाच माल. सप्लायवर ८० प्लसचा शिक्का बघून भुलू नकोस, तो वीज किती वाया जाते त्याचा आहे. जास्त व्होल्टेजपासून पार्टांना संरक्षण आहे की नाही ते वेगळं बघावं लागतं. यूपीएस घेताना ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट समजू नकोस, साधारण ३६० वॉटच मिळतात, गेम चालू असताना लाइट गेली की यूपीएसही बंद पडू शकतो. आणि पैसे भरायच्या आधी तुझ्या खोलीतल्या सॉकेटचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घे. हे मामांनासुद्धा पटेल.

आता दाजींच्या बाजूनं दोन गोष्टी, नाइलाजानं. २०२१ मध्ये मायनिंगवाल्यांनी, म्हणजे कम्प्युटरवर क्रिप्टोची आभासी नाणी कमावणाऱ्यांनी, कार्डं उचलली होती, नुसतं कार्ड दामदुप्पट देऊनही मिळेना. तेव्हा तयार पीसी घेणं शहाणपणाचंच होतं, मीही तेच केलं असतं. असाच प्रकार २०२५ च्या अखेरीपासून रॅमचा झालाय, भाव डोक्यावर गेलेत. जुन्या भावात भरलेला तयार पीसी एखाद्या दुकानात सापडला, बोर्ड-सप्लाय नेहमीच्या मापाचे असले, तर बेरीज करून बघ. घ्यायला हरकत नाही.

आणि एक गोष्ट मी दाजींना कधी सांगितलेली नाही. हैदराबादच्या त्या दुकानदारानं मला अडवलं होतं. "मियाँ, गेम खेलना है तो सप्लाय अच्छा लेलो, ये तो डब्बे के साथ मुफत का है." मी दोन हजार वाचवले. चांगला सप्लाय असता तर त्या दुपारी तोही कदाचित मेला असता, पण एकटा मेला असता.

पार्टांची यादी झाली की इथं टाक. सप्लायचं नाव पहिल्या ओळीत लिही.