‘हेर उपग्रह’ की ‘टेहळणी उपग्रह’?

बातम्यांत दोन्ही येतात, बरोबर कोणतं, असा प्रश्न आहे. दोन्ही चालतात. हेर लपून वावरतो. उपग्रहाची कक्षा हौशी निरीक्षकसुद्धा मोजतात, म्हणून मी ‘टेहळणी’ लिहितो. संपलं.

त्यापेक्षा ‘उपग्रह सीमेवर घिरट्या घालतोय’ हे आधी बंद करा. घिरट्या घार घालते. पाचशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने जातो. एका ठिकाणाहून तो क्षितिजावर उगवून मावळेपर्यंत फार तर 10-12 मिनिटं. दीड तासाने फेरी पुरी होते तोवर खालची पृथ्वी 23-24 अंश सरकलेली असते. म्हणून तर एकावर भागत नाही, ताफा लागतो. एका जागी थांबल्यासारखा दिसतो तो भूस्थिर, पण तो 36,000 किलोमीटरवर. तिथून क्षेपणास्त्र उडाल्याची धग कळते, रणगाडे मोजता येत नाहीत.

आता ‘उपग्रह’. ‘उप म्हणजे दुय्यम’ ही फोड शाळेपुरती ठीक. मुळात ‘ग्रह्’ म्हणजे पकडणं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, पहिल्या अधिकरणात, पाठोपाठ दोन अध्याय आहेत : तेरावा आपल्या मुलखातल्या ‘कृत्याकृत्यपक्षां’च्या (फितू शकणाऱ्या आणि न फितणाऱ्या लोकांच्या) रक्षणाचा आणि चौदावा शत्रूच्या मुलखातल्या तशाच पक्षांच्या ‘उपग्रहा’चा! म्हणजे तिकडचे चिडलेले, लोभी, भ्यालेले, मानी लोक हेरायचे आणि आपल्याकडे वळवायचे. मराठीत फितवणं.

परिभाषावाले म्हणणार, खगोलातल्या उपग्रहाशी याचा काय संबंध? मग ‘सॅटेलाइट’ बघा. लॅटिन ‘सातेल्लेस’ म्हणजे अंगरक्षक; खगोलशास्त्रज्ञ केप्लरने 1611 साली छापलेल्या पुस्तिकेत गुरूच्या चंद्रांना तो शब्द लावला. त्यांच्या शब्दात राखणदार, आपल्या शब्दात फितवणारा. पुढची युद्धं आपल्या शब्दाच्या बाजूने चालली आहेत, असं माझं ठाम मत.

उपग्रह फोडता येतो. चीनने 2007 मध्ये आणि भारताने 2019 मध्ये स्वतःचाच फोडून दाखवला. पण चीनच्या त्या एका स्फोटाने नोंद ठेवण्याजोगे तीन हजारांवर तुकडे झाले, आणि तुकडे मित्र-शत्रू बघत नाहीत. उलट 24 फेब्रुवारी 2022 ला, युक्रेनवर रशियाचं आक्रमण सुरू झालं त्याच दिवशी, इंटरनेट पुरवणाऱ्या केए-सॅट या उपग्रहाला कुणी बोटही लावलं नाही; जमिनीवरच्या जाळ्यात शिरून हजारो मोडेम निकामी केले. जॅमिंग म्हणजे नुसता गलका, खरा संकेत ऐकूच येऊ द्यायचा नाही. स्पूफिंगमध्ये मात्र शत्रूच्या ड्रोनला खोटा दिशादर्शक संकेत पटवला जातो आणि ते बिचारं इमानाने भलतीकडे जातं. हा चौदावा अध्यायच!

तेव्हा ‘स्पूफिंग’साठी पाच अक्षरी समास जुळवत बसलेल्यांनी सरळ ‘फितवणं’ लिहावं. ‘फितूर’ अरबी म्हणून नाक मुरडायचं असेल तर कौटिल्याचा ‘उपग्रह’ घ्या; ‘उपग्रहाचा उपग्रह’ असं वाक्य पडलं की ते तुमचं तुम्ही निस्तरा.