ठाण्याच्या वागळे इस्टेटमधलं छोटं मशीनिंग युनिट : मंदीत टिकायला कर्ज काढून सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) घ्यावं का?

तुम्ही दिलेली माहिती अशी : महिन्याची विक्री साधारण २० लाख, जवळपास सगळा माल एकाच मोठ्या कंपनीला, पैसे १२० दिवसांनी. वर कंपनी सांगते, 'इनोव्हेशन करा, रेट कमी करा.'

आत्ता मशीन घेऊ नका. १२० दिवसांच्या उधारीत तुमचे ८० लाख तिकडे अडकलेत. ४५ दिवसांत पैसे आले तर ३० लाखच अडकतील. मधले ५० लाख सीसीवर (बँकेच्या कॅश क्रेडिटवर) १२ टक्क्यांनी ओढत असाल तर वर्षाला ६ लाख व्याज जातं. जीएसटी तर पुढच्या महिन्यात भरायचाच, पार्टीने पैसे दिले असोत वा नसोत.

वाशीच्या हॉटेलात व्हेंडर मीट भरवायची, इनोव्हेशनच्या स्लाइड दाखवायच्या आणि जेवणाआधी ५ टक्के रेट कट मागायचा, हा प्रकार मला कधीच पटला नाही. पुरवठादाराच्या पैशावर चार महिने बिनव्याजी धंदा करणाऱ्याने लीडरशिपवर बोलू नये. परचेसवाल्यांचं उत्तर ठरलेलं : 'सिस्टीममध्ये १२० दिवसच आहेत.' सिस्टीममध्ये तो आकडा माणसानेच भरलेला असतो ना?

छोट्या उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा २००६ मधला. पैसे द्यायला लेखी करार असला तरी कमाल ४५ दिवस, करार नसेल तर १५. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. पण हे दिवस मोजायचे कुठून, तिथेच सगळे फसतात. रबाळ्याच्या एका युनिटचं प्रकरण बघितलंय. डिलिव्हरी चलनावर फक्त गेटवरच्या सिक्युरिटीचा गोल शिक्का, खाली 'मालाची तपासणी केलेली नाही'. स्टोअरची सही नाही, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) नंबर नाही. दोन महिन्यांनी कंपनी म्हणाली, माल रिजेक्ट होता. खरं तर डिलिव्हरीपासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असंच धरतात. पण डिलिव्हरीची तारीख सिद्ध करायला कागद लागतो, आणि तोच नव्हता. म्हणून ड्रायव्हरला सांगून ठेवा, स्टोअरची तारखेसह सही घेतल्याशिवाय गाडी हलवायची नाही. त्याच दिवशी बिल ईमेलने अकाउंट्सला पाठवा आणि बिलावर उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) नंबर छापा.

जानेवारी-फेब्रुवारीत उद्यम प्रमाणपत्र जोडून थकबाकीचं पत्र द्या. २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेल्या रकमेची इन्कम टॅक्समधली वजावट कंपनीला पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते, त्यामुळे मार्चच्या तोंडावर त्यांचे अकाउंट्सवालेच तुम्हाला फोन करतात. ट्रेड्सचाही (बिलावर आधी पैसे मिळवून देणारा ऑनलाइन मंच) आग्रह धरा. कंपनीने बिल मान्य केलं की फायनान्सर बोली लावतात, व्याजदर कंपनीची पत बघून ठरतो आणि पैसे बुडाले तरी तुमच्यावर येत नाही. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी केली म्हणून बिल मान्य करतीलच असं मात्र नाही, आणि गाडी अडते ती तिथेच.

मशीनचं म्हणाल तर आहे त्या लेथवर आठवडाभर वही ठेवा : टूल प्रत्यक्ष कापत होतं किती वेळ, सेटिंगला किती गेला, मटेरियलची वाट बघण्यात किती. शिफ्टमधले दोन-दोन तास सेटिंगलाच जात असतील तर आधी सॉफ्ट जॉ (जॉब पकडायचे जबडे) आणि टूल होल्डरचे जादा सेट घ्या, तो खर्च नव्या मशीनपुढे किरकोळ आहे. आणि नवं मशीन त्याच गिऱ्हाइकाच्या भरवशावर नको. दुसरा गिऱ्हाईक हातात आला की कोटेशन मागवा.

एक राहिलं. ४५ दिवसांचं हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना व सेवा देणाऱ्यांना आहे, मध्यम उद्योगांना आणि ट्रेडरना नाही. उद्यम नोंदणीही ऑर्डरच्या आधीची हवी, नंतरच्या नोंदणीवर वाद घालतात. या कायद्याखाली सरकारकडे थकबाकीची केस टाकली की त्या कंपनीकडून पुढची ऑर्डर बहुतेक येत नाही, तेव्हा ते पाऊल दुसरा गिऱ्हाईक मिळाल्यावरच उचला.