शेजारचे आजोबा वारले, आम्ही गेलो नाही

प्रश्न: ताई, आम्ही डब्लिन सोडून क्लेअर काउंटीतल्या एका खेड्यात राहायला आलो आहोत. मागच्या आठवड्यात पलीकडचे शेतकरी आजोबा वारले. ओळख रस्त्यात हात हलवण्यापुरती. त्यांचा देह घरीच ठेवला होता, अख्खं गाव येऊन गेलं, आत चहा-सँडविच चालू होतं. सुतकाच्या घरी खायचं कसं, नऊ वर्षांच्या मुलीला न्यायचं का, या विचारात आम्ही गेलोच नाही. चुकलं का? आणखी दोन गोष्टी. मुलीला शाळेतलं आयरिश जड जातंय, त्यातून सूट मिळते का? आणि मागच्या अंगणात मधोमध एक काटेरी झाड आहे, त्याला घरमालक हात लावू देत नाहीत. असं का?

उत्तर: चुकलं म्हणून कोणी मनात धरणार नाही, तुम्ही नवे आहात, हे त्यांना कळतं. पण जायला हवं होतं. बरं, अजून वेळ गेलेली नाही. मृत्यूनंतर साधारण महिन्याने चर्चमध्ये त्या माणसासाठी प्रार्थना होते, तिला ‘मंथ्स माइंड’ म्हणतात. तारीख चर्चच्या साप्ताहिक पत्रकात येते. त्या दिवशी दोघं जा आणि मागच्या बाकावर बसा. पण त्याच्याही आधी, याच आठवड्यात, एक साधं सांत्वनाचं कार्ड घेऊन आजींकडे जाऊन या. दुकानात ‘मास कार्ड’ही दिसतील. ती मृताच्या नावाने चर्चमध्ये प्रार्थना करवून घेण्यासाठी असतात, ती बहुतेक कॅथलिक लोक देतात.

आता पुढच्या वेळेसाठी. इथे खेड्यात कुणी गेलं की बातमी ‘आरआयपी डॉट आयई’ या संकेतस्थळावर येते आणि स्थानिक रेडिओवर वाचून दाखवतात. ती नीट वाचा, सगळं त्यात असतं. ‘रिपोझिंग ॲट होम’ (म्हणजे देह घरी ठेवला आहे) आणि पुढे वेळ दिली असेल, तर त्या वेळात दार सगळ्यांना उघडं आहे, वेगळं बोलावणं येत नाही. ‘हाउस प्रायव्हेट’ लिहिलं असेल तर घरी जायचं नाही, फ्युनरल होममध्ये किंवा चर्चमध्ये भेटायचं. ‘फॅमिली फ्लॉवर्स ओन्ली’ असेल तर फुलं नेऊ नका.

आत गेल्यावर घरची माणसं ओळीने बसलेली असतात. एकेकाचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, ‘सॉरी फॉर युअर ट्रबल’. एवढंच. पिढ्यान्‌पिढ्या हेच चार शब्द चालत आलेत, त्यात आपली भर घालायची गरज नाही. शवपेटी बहुतेक उघडी असते. बाकीचे छातीवर क्रॉसची खूण करतील, तुम्ही क्षणभर मान झुकवून हात जोडलेत तरी कुणाला वावगं वाटणार नाही. मग स्वयंपाकघरातून कुणीतरी चहा घेऊन येईल. तिथे आजोबांच्या खोड्या सांगून लोक मोठ्याने हसत असतील. त्याने दचकू नका, जुन्या काळी तर ‘वेक’ला, म्हणजे देहाजवळच्या या जागरणाला, चिलमी ओढत रात्रभर खेळही चालत.

खाण्याचं म्हणाल, तर आपल्याकडेही ज्या घरी चूल पेटत नाही तिथे शेजारचे पिठलं-भात नेऊन देतातच की. इथेही ती सँडविचं, केक, ॲपल टार्ट शेजाऱ्यांच्या घरून आलेली असतात, खुर्च्यासुद्धा. फरक इतकाच की इथे येणाऱ्यालाही खायला घालतात. चहा तरी घ्या. सँडविचमध्ये हॅम असण्याची शक्यता जास्त, अंड्याचं वेगळं असतं. भाजीचं सूप बरेचदा कोंबडीच्या पाण्यात केलेलं असतं, तेव्हा शाकाहारी असाल तर विचारून घ्या. न्यायचं असेल तर सोडा ब्रेड न्या. त्याला यीस्ट लागत नाही. कणीक, मैदा, मीठ, खायचा सोडा आणि ताक, तासाभरात तयार. घरी परतल्यावर अंघोळ करायची असेल तर खुशाल करा, कोण बघायला येतंय!

मुलीला न्या. इथली मुलं लहानपणापासून हे पाहतात. मात्र पेटी उघडी असेल हे तिला आधी सांगा, आणि जवळ जायचं की नाही हे तिचं तिला ठरवू द्या. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये कम्युनियनच्या, म्हणजे प्रसादाच्या, वेळी लोक रांगेने पुढे जातील, तेव्हा तुम्ही जागेवर बसून राहायचं. दफनानंतर जेवणाचं जाहीर आमंत्रण दिलं, तर ते तुम्हालाही असतं.

आयरिशमधून सूट मिळणार नाही. परदेशातून आलेल्या मुलांना ती मिळते, पण इथल्या शाळेत नाव घालताना वय 12 पूर्ण असावं लागतं. वाचन-लेखनात गंभीर आणि टिकून राहणारी अडचण असलेल्या मुलांसाठी वेगळी तरतूद आहे, तिची चौकशी मुख्याध्यापकांकडे होते. पण भाषा नवी आहे म्हणून जड जाणं ही ती अडचण नव्हे. आणि सूट मिळत असती तरी मी घेऊ नका म्हटलं असतं. उद्या तिला प्राथमिक शिक्षिका व्हावंसं वाटलं तर आयरिशशिवाय चालत नाही. शिवाय किशोरवयात तिच्या मैत्रिणी उन्हाळ्यात तीन आठवडे गेल्टख्टमध्ये, म्हणजे आयरिश बोलणाऱ्या भागात, कुणाच्या तरी घरी राहून शिकायला जातील. ती मजा हुकायला नको.

आईबापांना येत नाही ही अडचण तुमच्या एकट्याची नाही. 2022च्या जनगणनेत जवळपास 19 लाख लोकांनी आयरिश येतं असं सांगितलं, पण शाळेबाहेर रोज बोलणारे निघाले साधारण 72 हजार. शेजारच्या बाईंना विचारा, ‘शौचाला जाऊ का?’ हे वाक्य त्या झोपेतही म्हणून दाखवतील, पुढचं आठवणार नाही. वर्गात ते आयरिशमध्येच विचारावं लागतं ना!

घरी मराठीत भाषांतर करून शिकवू नका. आपलं क्रियापद शेवटी, त्यांचं सुरुवातीला, पोरगी गोंधळेल. अख्खं वाक्य ऐकवा आणि तसंच म्हणून घ्या. ‘तॅंगलन डॉट आयई’ (teanglann.ie) या शब्दकोशाच्या संकेतस्थळावर शब्दांचे उच्चार तीन बोलींमध्ये ऐकायला मिळतात, त्यातली तिच्या बाईंची बोली कोणती ते विचारून घ्या. कार्टून बघायचीच असतील तर टीजी4 या आयरिश भाषेतल्या वाहिनीच्या ‘कूला4’ या मुलांच्या वाहिनीवर आयरिशमधली बघू द्या. आणि गाडीतून जाताना पाट्या वाचायला लावा. वर तिरक्या अक्षरांत आयरिश नाव असतं, खाली इंग्रजी. बॅलीव्हॉनच्या पाटीवर ‘बाल्या’ म्हणजे वस्ती, किलरशच्या पाटीवर ‘किल’ म्हणजे चर्च. आठवडाभरात ती तुम्हाला शिकवायला लागेल.

राहिलं झाड. ते बहुधा व्हाइटथॉर्न असणार, मे महिन्यात पांढऱ्या फुलांनी भरतं. एकटं उभं असेल तर ते परींचं समजतात. या परी पंखवाल्या गोड बाहुल्या नव्हेत, रागावल्या तर गोठ्यातली जनावरं दगावतात अशी जुनी समजूत. तुमच्याच काउंटीत, लॅटूनला, 1999मध्ये असं एक झाड नव्या रस्त्याच्या आड येत होतं. लोककथा सांगणारे एडी लेनिहान यांनी आवाज उठवला आणि झाड राखून रस्ता बांधला गेला. तुमचे घरमालक परींवर विश्वास ठेवतात का, हे विचारू नका. ‘छे, छे’ म्हणतील, आणि झाडाला हात मात्र लावू देणार नाहीत.

कुंपणाच्या झाडीचं वेगळं: ती 1 मार्च ते 31 ऑगस्ट या काळात पक्ष्यांच्या विणीमुळे कायद्यानेच छाटता येत नाही. त्या काटेरी झाडामुळे कपडे वाळत घालायची दोरी अडत असेल, तर घरमालकांना सांगून भिंतीकडे एक खांब रोवून घ्या.