वॉर्डात नव्याने रुजू होणाऱ्या सहकाऱ्यास

वैद्यकीय समाजसेवक म्हणून तुम्ही नव्याने रुजू झाला आहात, तेव्हा एक गोष्ट आवर्जून सांगतो: अर्ज हातात घेण्याआधी स्टूल ओढून रुग्णाच्या शेजारी बसा. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, सत्तरी-काणकोणापासून थेट सिंधुदुर्गापर्यंतची माणसे येतात, आणि पहाटेची बस धरून आलेल्या नातेवाइकाला आपण पहिलाच प्रश्न कागदपत्रांचा विचारला, तर तो पुढे मोकळेपणाने बोलत नाही.

सुरुवातीच्या काळात, एका रुग्णालयात, माझ्याकडून हीच चूक झाली. डायलिसिससाठी येणाऱ्या एका आजींना मी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या गोवा सरकारच्या आरोग्यविमा योजनेची माहिती घडाघडा सांगितली. त्या पदराचे टोक बोटाला गुंडाळत नुसती मान हलवत राहिल्या. पुढच्या खेपेस मी कोकणीत सहज विचारले, "घरा कोण आसा?" तेव्हा कळले की अंथरुणाला खिळलेले त्यांचे यजमान घरी एकटे असत आणि त्यांच्याजवळ थांबायला कोणी नव्हते. खरी अडचण ही होती, आणि ती कोणत्याही अर्जातल्या रकान्यात बसणारी नव्हती.

मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली समानुभूतीविषयी लिहिताना म्हटले होते की, दुसऱ्याचे जग आपलेच असल्यासारखे जाणावे, पण त्यातले 'असल्यासारखे' हे भान सुटू देऊ नये. हे भान फार मोलाचे आहे, कारण ते सुटले की आपणच कोलमडतो. म्हणून जड गेलेल्या प्रसंगाबद्दल त्याच दिवशी वरिष्ठांशी बोला, आणि रुग्ण गप्प झाला तर ती शांतता घाईने भरून काढू नका.