रायटर उघडत नाही, सगळी सिस्टीम नव्याने टाकू का?

प्रश्न : ताई, गेल्या आठवड्यात मशीनची सिस्टीम लिनक्स मिंट २१.३ वरून २२ वर आणली. तेव्हापासून लिब्रेऑफिसमधला लिहायचा प्रोग्रॅम, रायटर, उघडायला गेलं की लोगो दिसतो आणि सगळं गायब. लिब्रेऑफिस काढून दोनदा परत टाकलं, तरी तेच. भाचा म्हणतो, सिस्टीमच नव्याने टाकू. आजीच्या ओव्या मी चार वर्षं याच मशीनवर उतरवतेय, त्यामुळे हात धजत नाही.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : हात धजत नाही तेच बरं. ओव्यांच्या फाइल आधी पेन ड्राइव्हवर घ्या, मग पुढचं.

दोनदा टाकूनही फरक नाही, हे तुम्ही लिहिलंत ते फार उपयोगाचं आहे. प्रोग्रॅम काढला तरी तुमच्या सेटिंग्ज जात नाहीत. होम फोल्डर उघडून कंट्रोल आणि एच दाबा. टिंबाने सुरू होणारं ‘कॉन्फिग’ दिसेल, त्यात ‘लिब्रेऑफिस’, त्यात ‘४’. चौथ्या आवृत्तीपासून या फोल्डरचं नाव तेच आहे. म्हणजे लिब्रेऑफिसची तुमची ७.३ आवृत्ती जाऊन २४.२ आली, तरी जुनी एक्स्टेन्शन्स, म्हणजे वरून जोडलेल्या जादा सोयी, तिथेच बसून आहेत.

खात्री करायला मशीनवर नवा यूजर तयार करा आणि तिथून रायटर उघडून बघा. तिथेही बंद पडलं, तर दोष तुमच्या फोल्डरचा नाही. मग टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘लिब्रेऑफिस’ इंग्रजीत, लहान अक्षरांत टाइप करून एंटर दाबा आणि बंद पडताना आलेल्या शेवटच्या ओळी मला जशाच्या तशा कळवा.

पण तिथे उघडेल असं मला वाटतं. मग आपल्या खात्यात परत या. टर्मिनलमध्ये ‘लिब्रेऑफिस’पुढे एक जागा सोडून दोन छोट्या रेघा आणि त्यांना चिकटून ‘सेफ-मोड’ लिहा, तेही इंग्रजीत, लहान अक्षरांत. समोर येणाऱ्या चौकटीत यूजरची सगळी एक्स्टेन्शन्स बंद करायचा पर्याय आहे, तो निवडून पुन्हा सुरू करा. माझ्याकडे असंच झालं होतं, तेव्हा व्याकरण तपासणारं एक जुनं एक्स्टेन्शन निघालं. दोन रात्री मी भलतीकडेच शोधत होते.

तरीही नाहीच, तर लिब्रेऑफिस बंद ठेवून ‘४’चं नाव ‘४-जुनं’ करा. नवा फोल्डर आपोआप तयार होतो. जुना मात्र पुसू नका. ओव्यांतले ‘जात्याव’, ‘माह्यार’ असे शब्द तुम्ही शब्दकोशात घातले असतील, तर ते त्यातल्या ‘यूजर’मधल्या ‘वर्डबुक’मध्ये आहेत. तेवढ्या फाइल नव्या फोल्डरमध्ये त्याच जागी आणून ठेवा.