इंटरफेरोग्रामच्या रंगांना भुलू नकोस

भ्रंशावर, म्हणजे जमिनीतल्या भेगेवर, खडक किती घसरला याचं मॉडेल करायला तुर्कस्तानचा ६ फेब्रुवारी २०२३ चा भूकंप निवडलास, छान. पण लगेच मॉडेल चालवायला बसू नकोस. आधी सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाच्या इंटरफेरोग्रामवरचे, म्हणजे भूकंपाआधीच्या आणि नंतरच्या रडार चित्रांतला फरक दाखवणाऱ्या रंगीत नकाशावरचे, पट्टे बोटाने मोज. एक पूर्ण रंगचक्र म्हणजे उपग्रहाच्या दृष्टिरेषेत साधारण २.८ सेंटीमीटर सरकणं. भ्रंशाजवळ पट्टे विरून नुसती खरखर दिसेल; तिथे जमीन काही मीटर सरकली आहे, पिक्सेल ऑफसेट, म्हणजे दोन चित्रांत तोच ठिपका किती हलला याचं मोजमाप, वापर.

खरी मेख पुढे आहे. ७.८ चा धक्का पहाटे ४:१७ ला, दुसरा मोठा त्याच दुपारी १:२४ ला. उपग्रह गेला काही दिवसांनी. म्हणजे त्याच्या चित्रात दोन्हींची बेरीज, वर नंतरची संथ घसरणही. दोन धक्के वेगळे करायला सिस्मोग्राम, म्हणजे भूकंपलाटांच्या नोंदीच, लागतात: जमीन केव्हा सरकली ते लाटा सांगतात. पहिला धक्का मुख्य पूर्व अनातोलियन भ्रंशावर नाही, बाजूच्या फाट्यावर सुरू झाला; मॉडेलमध्ये तो फाटा ठेवच.

आणि हो, दृष्टिरेषेतल्या सरकण्याचं चिन्ह तपास: अधिक म्हणजे उपग्रहाकडे की उपग्रहापासून दूर. मी एकदा उलटं धरलं होतं. आठवडाभर डावा भ्रंश (पलीकडची बाजू डावीकडे सरकणारा) उजवा होऊन बसला आणि मी घसरणीचे आकडे घोटत राहिलो.